माशांच्या पेटीतलं पाणी

१

नवा जिल्हा लॉजच्या दारातली माशांची पेटी एका रात्रीत तळाला गेली. सकाळी टँकरच्या रांगेतल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात मालक किशनराव ओरडले, "चोर! माझ्याच घरात चोर!"

अण्णाराव जमादार त्या वेळी एक नंबरच्या खोलीत चूळ भरत होते. ती त्यांनी घाईघाईत मोरीत टाकली आणि बनियनवरच बाहेर धावले. पोलिसातनं रिटायर होऊन वर्ष झालं होतं, पण 'चोर' हा शब्द कानावर पडला की त्यांचे पाय डोक्याला विचारत बसत नसत.

आता हे लॉज काय प्रकरण होतं ते आधी ऐका. लातूरचा वेगळा जिल्हा झाला, तशा उस्मानाबादेतल्या कचेऱ्या इकडं आल्या. कचेऱ्यांमागं साहेब आले, आणि साहेबांमागं कागद घेऊन पळणारी माणसं आली. किशनरावांनी 'किसान लॉज'च्या पाटीवर रंग फासून 'नवा जिल्हा लॉज' लिहिलं आणि हैदराबादेहून काचेची मोठी पेटी आणून उंच टेबलावर, अगदी दारात मांडली. पेटीत लाल-काळे मासे आणि मधोमध चुन्याचा एक छोटा किल्ला. पेटीच्या वर भिंतीत खिळा ठोकून हवेची डबी टांगलेली. विजेवर ती घूं घूं करायची, तिच्यातनं हवा एका लांब, बारीक नळीनं खाली उतरायची आणि किल्ल्यात ठेवलेल्या सच्छिद्र दगडातनं बुडबुडे निघायचे. त्या बुडबुड्यांवर मासे जगायचे.

अण्णारावांची पेन्शनची फाईल जुन्या आणि नव्या जिल्ह्याच्या मधे कुठंतरी गडप झाली होती. आपल्या मुदखेड गावाहून येऊन ते इथं पडले होते आणि कचेरीत रोज "उद्या या" ऐकत होते. त्यात एक नंबरची भिंत नेमकी त्या डबीच्या खिळ्याची. रात्रभर उशाशी घूं घूं. काल दुपारी त्यांनी मॅनेजर नरसिंगची गचांडी धरायचीच बाकी ठेवली होती. "लेका, त्या डबीचं तोंड तू बंद करतो का मी करू?" काल रात्री मात्र पंख्याखाली त्यांना गाढ झोप लागली. पुढं लाईट गेली, पंखा थांबला आणि घामानं जाग आली. पहाटे समोरच्या चहावाल्याचा रेडिओ सुरू झाला तरी लॉजमध्ये अंधारच होता, नरसिंग फ्यूजची तार बांधत बसला होता.

बाहेर पेटीपाशी गर्दी होती. पेटीत किल्ल्यापुरतं पाणी उरलेलं. काळा मासा वाळूवर मरून पडला होता, दोन लाल मासे उथळ पाण्यात तोंडं उघडीत होते. खिळ्यावरची डबी घूं घूं करत होती, पण बुडबुडा एक नव्हता. भिंतीला टेकून केवळाबाई उभी होती. लॉजची झाडलोट, धुणं, पाणी भरणं, सगळं तीच करायची.

"मागच्या दारात हिच्या दोन घागरी भरलेल्या सापडल्या," किशनराव रांगेकडं तोंड करून म्हणाले. "दोन घरी पोचवून आली, चहावाल्यानं बघितलं. ह्या लोकांचा पाण्याला हात लागू दिला हीच माझी चूक!"

"रांजणातलं पाणी हाय मालक," केवळाबाई म्हणाली. "तुमीच भरून ठिवलं असंल म्हणून घेतलं."

"रांजणातलं? होळीपासून कोरडा पडलाय तो!"

अण्णारावांनी पेटीशेजारच्याच जिन्याखाली ठेवलेल्या रांजणात डोकावून बघितलं. आत थेंब नव्हता. ते मागं वळले आणि जागीच थबकले. सकाळी केवळाबाईनंच त्यांना चूळ भरायला तांब्या आणून दिला होता. त्या पाण्याला माशाचा वास येत होता.

२

चोरीच्या मालात आपणही वाटेकरी! अण्णारावांनी मनगटानं तोंड पुसलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात चोरीचा माल शोधला, आणि आता माल सापडला तो स्वतःच्या तोंडात.

"पोलिसात देतो हिला," किशनराव म्हणाले.

"द्या की. मग उद्या लॉजच्या दारात पोलिसाची सायकल लागंल. साहेब लोक उतरतील का इथं?" अण्णाराव म्हणाले. "मला संध्याकाळपर्यंत तपास करू द्या. कचेरीत तसंबी मला उद्याच बोलावतेत."

किशनराव जरा घुटमळले. "सांजच्या टँकरपर्यंत. तवर उलगडा झाला तर ठीक, न्हाईतर ही बाई चौकीत आन तिच्या कामाच्या दोन घागरी बंद."

दोन घागरी म्हणजे काय, हे त्या वर्षी लातुरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. नळ कोरडे, विहिरी कोरड्या, टँकरच्या रांगेत भांडणं. अण्णारावांनी केवळाबाईला मागच्या ओट्यावर बसवलं. स्वतः मात्र बसले नाहीत. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

"सगळं बैजवार सांग."

"सांगायचं काय त्यात? मालकाच्या वडलानं मला कामाला ठिवलं तवाच बोली झाली. रांजणात पाणी असंल तर दोन घागरी माझ्या. पगार येगळा, पाणी येगळं. होळीपासून रांजण कोरडा, मग मालक मनाला आलं तर मागच्या पिपातलं देयचे, न्हाईतर न्हाई. आज झाडायला आले तर रांजण निम्म्याच्या वर भरलेला. मला वाटलं, मालकाला दया आली. सून बाळंतीण हाय वो माझी. बाळाचे कपडे साठलेले. दोन घागरी घरी टाकल्या, लई दिवसांनी फरशी पुसली, तुमाला तांब्या दिला, आन दोन दुपारसाठी भरल्या."

"दोनाची बोली आन घेतल्या चार?"

"मागच्या चुकल्या त्या कुणाकडं मागू?"

"वास आला न्हाई पाण्याला?"

"आला की. टँकरच्या पाण्याला काय अत्तराचा वास येतो होय, जमादार?"

अण्णारावांना हसू आलं, पण बाईच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं छप्पन सालात दीक्षा घेतली. तवापासून आमच्या घरात कुणी मागून खाल्लं न्हाई, उचलून आणायचं तर न्हाईच न्हाई. आज साऱ्या गल्लीसमोर मला चोर म्हणले. पोलीस सोडतील एखाद वेळी, पण रांगेतल्या बाया सोडतील का? सुनेला पाण्याला उभी तरी राहू देतील का?"

"रांजण भरलेला दुसऱ्या कुणी बघितला?"

"न्हाई," केवळाबाई म्हणाली. "माझ्याशिवाय कुणीच न्हाई."

३

पेटीपासून मागच्या दारापर्यंत बाईनं फरशी स्वतःच्या हातानं पुसून काढली होती. रांजणही तिनंच कोरडा केला. पुरावा असलाच तर तो तिच्याच फडक्यात गेला. अशी सगळी बोटं एकीकडंच वळली की अण्णारावांना चैन पडत नसे. त्यांनी बिडी काढली, ओठांत धरली, पेटवायची राहून गेली.

किशनरावांची आई नागुबाई पेटीसमोर माशाला माती द्यायची का टाकून द्यायचा याचा विचार करत बसली होती.

"आईसाहेब, ही पेटी तुमाला पसंत नव्हती म्हणं?"

"कशी असंल? माणसाच्या घशाला कोरड आन माशाचा राजेशाही थाट! मी किशनला म्हणलं होतं, दे ते पाणी वतून तुळशीला. पण माझ्यावर आळ घ्यायचा तर आधी बघा. ह्या काचेच्या झाकणाची फट बघा. ह्यातनं घागर जाती का?"

अण्णारावांनी बघितलं. फटीतनं तांब्यासुद्धा सरळ जात नव्हता. झाकणावर बोटभर धूळ होती, म्हणजे ते कुणी उचललंही नव्हतं. तळाची वाळू सारखी होती. तांब्या-तांब्यानं पाणी उपसलं असतं तर वाळू ढवळली असती. आणि पाणी थांबलं होतं ते बरोबर किल्ल्यातल्या दगडाच्या उंचीवर, एक बोट वर नाही की खाली नाही. इतकं मोजून मापून कोणता चोर चोरी करतो?

"ही डबी वर कामून टांगली, आईसाहेब?"

"देवाची घंटा वरच असती की. चांगली वस्तू वर."

किशनरावांना विचारलं तर ते म्हणाले, "हैदराबादचा दुकानदार म्हणला, डबी पेटीच्या वरच टांगा. मी म्हणलं, ठीक. पोरांचा हात पुरू नये म्हणून असंल." मॅनेजर नरसिंग म्हणाला, "गरम होती ना डबी, वर वारं लागतं." तिघांची तीन कारणं. दुकानदाराला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

"काल रात्री डबी खिळ्यावरच होती?" अण्णारावांनी सहज विचारलं.

"मग कुठं जाणार? खिळ्यावरच," नरसिंग म्हणाला. "मी रोज फडक्यानं पुसतो तिला."

"आन आज बुडबुडे कामून न्हाईत?"

"ते काय, दगड चुन्यानं बुजला असंल. बोअरचं पाणी लई जड. लिंबाच्या पाण्यात टाकला की मोकळा होतो."

दुपारी टँकरवाला सिद्धराम जेवायला आला. उदगीरकडचा गडी, कानडी बोलणाऱ्या घरातला, तोंडानं फटकळ. काल त्याचं आणि किशनरावांचं वाजलं होतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"अय्यो, भांडलो तर भांडलो!" तो म्हणाला. "पेटीत रोज चार बोटं कमीच पाणी घालायचो मी. काल मालक म्हणले, काठोकाठ भर, रांगेतल्या बायांना दिसू दे आपल्या लॉजला टंचाई न्हाई म्हणून. मी म्हणलो, शरम वाटू द्या. तर म्हणले, तू डायवर हाईस, डायवरसारखा ऱ्हा. झाकणाच्या फटीतनं पाइप घालून भरली मग. काचेच्या काठाला पाणी टेकलं. रांगेतली एक म्हातारी थुंकली, तीबी मी बघितली."

"मग राग काढला रात्री येऊन?"

"मी रात्री औशाच्या वाटेवर विहिरीला टँकर लावून होतो, दहा माणसं हायत साक्षीला. आन मला पाणी काढायचं असतं तर घागर कशाला लागती?" त्यानं टँकरला गुंडाळलेल्या रबरी पाइपावर थाप मारली. "एक टोक वरच्या पाण्यात, दुसरं खाली पिपात. तोंडानं एकदा वढलं की पाणी आपल्या पायानं खाली येतं. वरचं सरंपर्यंत थांबत न्हाई."

अण्णारावांच्या ओठातली न पेटवलेली बिडी खाली पडली. पेटीतही एक नळी होतीच की! झाकणाच्या फटीतनं आत गेलेली, दगडाला जोडलेली. पण तिचं दुसरं टोक तर वर होतं, खिळ्यावर. आणि पाणी काही चढण चढत नाही.

४

त्यांनी स्विच बंद केला, डबी खिळ्यावरून काढली आणि खोलीत नेऊन दार लावलं. खालचे चार स्क्रू सुटले.

डबीच्या पोटात एक चुंबक, त्याच्यापुढं थरथरणारी पट्टी, पट्टीला चिकटलेला रबरी पडदा आणि हवा एकाच बाजूला जाऊ देणाऱ्या दोन चिमुकल्या झडपा. पट्टी थरथरते म्हणून घूं घूं, पडदा हलतो म्हणून हवा. घूं घूं आहे पण हवा नाही, याचा अर्थ वीज पोचते आहे, बिघाड रबरात आहे. हे समजायला काही शाळेत जावं लागत नाही. अण्णारावांनी डबी तिरकी केली.

आतनं पाणी सांडलं. चांगलं चमचाभर. पडदा भिजून एका कडेनं सुटला होता. झडपांचं रबर जुनं, कडक, धड मिटतच नव्हतं. तळाच्या जाळीत सुतळीचे तंतू अडकले होते, गोणपाटाला असतात तसे. वायरीला मधेच एक जोड होता. सगळ्या वायरीवर धूळ, आणि जोडावरची काळी चिकटपट्टी मात्र नवी कोरी.

"पेटीच्या वर टांगलेल्या डबीत पाणी गेलं कसं?" ते स्वतःशीच पुटपुटले आणि पलंगावर टेकले. लगेच उठले. पंखा चालू होता, वर बघत ते उभे राहिले. पंख्याचा खडखड आवाज. रात्रीही हाच आवाज ऐकत ते झोपले होते.

हाच. फक्त हाच!

पंखा फिरत होता, म्हणजे लाईट होती. लाईट होती, म्हणजे डबी चालू असायला हवी होती. डबी खिळ्यावर असती, तर भिंत गुणगुणली असती. भिंत गप होती, म्हणून तर त्यांना झोप लागली! लाईट जायच्या आधीच डबी खिळ्यावरून उतरली होती.

कोणासाठी उतरली, हेही त्यांना तेव्हाच कळलं आणि जीव चरचरला. ओरडून तोंड बंद करायला सांगितलं होतं ते त्यांनीच.

ते तसेच जिन्याखाली गेले. या वेळी रांजणात डोकावले नाहीत, त्याच्या पोटावरून बाहेरनं हात फिरवला. जिन्याखाली ऊन येत नव्हतं. वरचा भाग कोरडा ठणठणीत, आणि निम्म्याच्या जरा वरपासून खाली मडकं ओलं गार, काळपट पडलेलं. हाताला पाणी लागलं. महिनेच्या महिने कोरडा पडलेला रांजण बाहेरपर्यंत पाझरायचा, तर पाणी त्यात रात्रभर उभं असायला हवं. केवळाबाई तर उजाडल्यावर आली होती.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. संध्याकाळ झाली होती.

५

"घागरी ठेव खाली आन चल चौकीवर," किशनराव केवळाबाईला म्हणत होते.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन राहिले, मालक," अण्णाराव मधे आले. "ही बाई अक्षर न् अक्षर खरं बोलली. आईसाहेब, लोणच्याची काचेची बरणी रिकामी असंल तर द्या. आन थोडं पाणी."

"पाणी वाया घालणार?" किशनराव.

"थेंब सांडणार न्हाई. खाली भांडं ठेवतो."

नागुबाईनं मुलाकडं न बघता स्वतःच्या पिण्याच्या कळशीतनं बरणी भरून दिली. अण्णारावांनी पेटीतली नळी आणली. सगळे ओट्यावर जमले, किशनराव, त्यांची आई, सिद्धराम, नरसिंग आणि घागरीशेजारी केवळाबाई.

"बरणी चार बोटं कमी भरली हाय. ही नळी. बाहेरच्या टोकावर माझं बोट, म्हणजे डबीची हवा समजा. हवेनं पाणी नळीत शिरत न्हाई." त्यांनी नळीचं दुसरं टोक बरणीत तळापर्यंत बुडवलं, मधला भाग काठावरून वाकवून बोटाचं टोक खाली धरलं. "आता लाईट गेली." त्यांनी बोट उचललं. पाणी नळीत उसळून वर आलं, काठापर्यंत न पोचता मागं फिरलं आणि थांबलं. "हे रोजचं. रोज लाईट जाती, रोज काही होत न्हाई. आता सिद्धराम, काठोकाठ भर."

सिद्धरामनं भरली. पुन्हा बोट, पुन्हा नळी, पुन्हा "लाईट गेली". या वेळी नळीत उसळलेलं पाणी काठाच्या वाकणावरून पलीकडं घसरलं आणि खालच्या भांड्यात धार लागली. तोंडानं कुणी ओढलं नव्हतं, तरी लागली. बरणी आपसूक रिकामी होत राहिली.

"दोन गोष्टी एका दिवशी जमल्या. एक, मालकाला रांगेतल्या बायांना पाणी दाखवायची हौस आली. दोन, डबी पेटीच्या वरून खाली आली. दुकानदारानं वर टांगा म्हणून सांगितलं ते पोराटोरांसाठी नव्हं, देवाच्या घंटेसाठीबी नव्हं. डबी वर असली की नळी कुठूनच पेटीच्या खाली उतरत न्हाई, मग धार लागायची सोयच न्हाई. काल ती खाली होती. गोणपाटात गुंडाळलेली, कोरड्या रांजणाच्या तळाला, आवाज येऊ नये म्हणून. लाईट गेली, डबीच्या जुन्या झडपांतनं पाणी पाझरत राहिलं, रात्रभर. किल्ल्यातला दगड उघडा पडला, नळीत हवा शिरली, धार तुटली. म्हणून पाणी बरोबर तिथं थांबलं. आता नरसिंग, पुढचं तू सांगतो का मी सांगू?"

नरसिंगच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी... तुमीच म्हणला होता जमादार, आवाज बंद कर."

"म्हणलो होतो. माझ्या झोपेपायी झालं हे, मी नाकबूल करत न्हाई. पण पहाटे साऱ्या गल्लीत लाईट आली आन आपल्याच लॉजची फ्यूज उडाली, ती कामून? वायरीचा जोड पाण्यात बुडाला होता म्हणून. तू उठला, रांजणात हात घातला, गोणपाटासकट डबी काढली, जोडाला नवी पट्टी गुंडाळली, खिळ्यावर टांगली. बराबर?"

"पाणीबी परत पेटीत टाकणारच होतो," नरसिंग रडवेला होऊन म्हणाला. "आधी फ्यूज बांधावी म्हणलं. तेवढ्यात ही आली, रांजण उपसून बसली. मग मालक उठले."

अण्णारावांनी हातातली नळी ओट्यावर आपटली. "फ्यूज न उडती तर? ह्या बाईनं त्याच पाण्यात हात घातला असता, वीज असलेल्या पाण्यात! घरी बाळंतीण हाय तिच्या. कळतं का तुला?"

नरसिंगनं मान खाली घातली. किशनराव रागानं लाल झाले. "सकाळी मी बोंब मारली तवा तुझी जीभ कुठं गेली होती रे?"

"मालक, मला काढून टाकलं असतं तुमी. घरी म्हातारी आई हाय. आन मला वाटलं..." तो अडखळला. "वाटलं, केवळाबाईला चार शब्द बोलाल आन सोडून देताल. तिला काय, तिला रोजचंच हाय ते."

केवळाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"रोजचंच हाय," ती म्हणाली. "म्हणून लागत न्हाई, असं वाटलं का तुला?"

६

नरसिंगचं काय करायचं ते पुढं बघू म्हणून किशनरावांनी त्याला आत हाकललं. मग घसा खाकरून ते केवळाबाईकडं वळले. माणूस तसा वाईट नव्हता, पण मोठेपणाची सवय फार. "बरं बाई, झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापास्नं कामाला ये. दोनाच्या तीन घागरी ने, मागच्या पिपातनं."

अण्णारावांना वाटलं, आता बाई पाया पडणार आणि प्रकरण मिटणार. चौकीत सगळी प्रकरणं अशीच मिटतात. त्यांना त्याचाही राग आला आणि ते पुन्हा येरझाऱ्या घालायला लागले.

केवळाबाई हलली नाही. "पाणी तर नेणारच. माझ्या कामाचं हाय ते. तिसरी घागर नको, बोली दोनाची हाय. आज जास्तीच्या दोन गेल्या त्या तुमी माझ्या थकल्या घागरीतनं वळत्या करा. पण मालक, सकाळी तुमी मला दारात उभं राहून चोर म्हणलं. आत बोलावून न्हाई म्हणलं. टँकर आलाय. त्याच बाया उभ्या हायत."

"मग?"

"मग दारात चला."

किशनराव हसायला बघत होते, जमलं नाही. "आगं, मी मालक माणूस. रांगेसमोर काय तमाशा..."

"किशन," नागुबाई मागनं म्हणाली. "सकाळी घसा मोठा होता तुझा. ऊठ."

ते उठले. दारात गेले, तळाला गेलेल्या पेटीशेजारी उभे राहिले. टँकरभोवती घागरींचा खणखणाट चालला होता, बाया एकमेकींच्या अंगावर धावत होत्या. केवळाबाई त्यांच्या शेजारी उभी राहिली. किशनराव छातीशी हनुवटी टेकवून पुटपुटले, "केवळाबाईनं चोरी केली न्हाई. माझी चूक झाली."

जवळच्या चार-पाच जणींनी ऐकलं. त्यांनी माना वळवल्या, एकीनं घागर खाली ठेवली. रांगेच्या मधनं कुणीतरी विचारलं, "काय म्हणले गं ते?"

किशनराव आत वळले. केवळाबाईनं त्यांचा हात धरला नाही की वाट अडवली नाही. ती नुसती दाराच्या मधोमध उभी होती.

"लाईन लई लांब हाय, मालक," ती म्हणाली. "मागं ऐकू गेलं न्हाई."

किशनरावांनी अण्णारावांकडं बघितलं, जमादार काही मधे पडतात का म्हणून. अण्णाराव उंबऱ्याजवळच्या बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून, आणि उठायची त्यांना मुळीच घाई नव्हती. शेवटी किशनरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि सकाळच्याच आवाजात ओरडले. शब्द टँकरच्या पलीकडं गेले, चहावाल्यापर्यंत गेले. घागरींचा आवाज थांबला. रांगेच्या पार टोकाला कमरेवर कळशी घेऊन उभी असलेली एक म्हातारी कानाला हात लावून म्हणाली, "आं?"

केवळाबाई दारातनं हलली नाही. किशनराव तिसऱ्यांदा ओरडले.